सापडले आणि परवडले

आपल्या पाटोद्याच्या बाजारात एखादा जुना तांब्याचा हंडा मोडीत निघाला, म्हणजे मोडवाला तो उलटा करतो, बुडाला टिचकी मारतो आणि निघालेल्या आवाजावरून भाव सांगतो. हंड्याला पोचा किती, कल्हई कधीची, जोड कोठे, हे सारे त्याला त्या एका आवाजात कळते. त्याला एक गोष्ट मात्र कधी कोणी विचारीत नाही. हे तांबे मुळात आले कोठून?

प्रश्न वाटतो तेवढा पोरकट नाही. आपल्या पायाखाली बालाघाटाचा काळा कातळ आहे. मांजरा नदी ज्या डोंगरातून उगम पावते तो डोंगरही याच कातळाचा. या कातळात विहीर खणावी, गोठ्याची भिंत बांधावी, रस्त्याची खडी फोडावी. तांब्याची खाण मात्र त्यात निघत नाही. गंमत अशी की बालाघाट नावाचा जिल्हा मध्य प्रदेशात आहे, आपल्या विदर्भाच्या सीमेला लागून, आणि तेथील मलाजखंड येथे देशातील तांब्याची फार मोठी खाण आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९६९ पासून तेथे शोध घेतला आणि १९८२ साली प्रकल्प सुरू झाला. नाव एक, नशीब दोन! महाराष्ट्रात म्हणाल तर चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना आणि दुबारपेठ येथे तांब्याची नोंद आहे. किनाऱ्याला तर तीही नाही.

आणि तरीही तांबे किनाऱ्यावरूनच आले. दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'पेरिप्लस' या ग्रीक खलाशांच्या वाटाड्या ग्रंथात भडोचच्या बंदरी उतरणाऱ्या मालाच्या यादीत तांबे आहे. सतराव्या शतकात डच कंपनी जपानचे तांबे जहाजांत भरून सुरतेस आणून विकीत असे. म्हणजे ज्या धातूला आपण देवघरात मान देतो, तो आपल्या भूमीचा नव्हे, समुद्राचा पाहुणा. ही गोष्ट आम्ही आरंभीच सांगतो याचे कारण असे की, जपानचे तांबे आपल्या किनाऱ्याला लागल्यानंतर तीनशे वर्षांनी आपल्या किनाऱ्याचे लोखंड जपानला निघाले. आणि आजचे व्याख्यान त्या लोखंडाविषयी, म्हणजे गोवा आणि त्याला लागून असलेल्या रेडीच्या टापूतील खनिजाच्या शोधाविषयी आहे.

शोधाचा इतिहास लिहिण्याची एक ठरलेली तऱ्हा आहे. अमुक साली अमुक साहेब आला, त्याने हातोडीने दगड फोडला, भिंगातून पाहिला आणि खाण सापडली. आम्ही मजूर संघटनेच्या कामात आयुष्य घालविले. शाळेत भूगर्भशास्त्राचे नाव ऐकले नव्हते. ते पुढे वाचनालयात बसून आणि खाणीवरील माणसांना विचारून शिकलो. त्या शिकण्यातून आमचे मत असे झाले आहे की, दगड 'सापडणे' आणि दगड 'परवडणे' या दोन वेगळ्या गोष्टी असून त्यांच्यामध्ये कधी पन्नास वर्षांचे, तर कधी हजार वर्षांचे अंतर असते. सापडलेला दगड परवडू लागतो तेव्हाच त्याला खनिज म्हणतात. तो कोणाला परवडतो आणि कोणाच्या जिवावर परवडतो, हे पाहिल्यावाचून शोधाचा इतिहास पुरा होत नाही.

प्रथम दगडाकडे वळू.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या मराठवाड्यात कोणी विसरलेला नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तेथे खोल छिद्र घेतले. वरचा काळा कातळ सुमारे ३४० मीटर खोलीपर्यंत लागला आणि त्याखाली, मधल्या पातळ थराच्या पलीकडे, वेगळाच दगड लागला. तो ग्रॅनाइटाच्या जातीचा आणि कातळाहून फार जुना. वरचा कातळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. खालचा दगड मोजायचा तर शेकडो कोटींत मोजावा लागतो. म्हणजे आपण सारे एका पांघरुणावर राहतो. पांघरुणाखाली काय निजले आहे ते भूकंपाने हाक मारली तेव्हा आपल्याला दिसले.

हेच पांघरूण पश्चिमेस कोकणात उतरते आणि दक्षिणेकडे मालवणच्या आसपास विरत जाते. वेंगुर्ले, सावंतवाडी आणि गोवा या पट्ट्यात जुना दगड उघडा पडतो. धारवाडकडून येणारे हे खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने आहेत. त्यांत एक दगड मोठा पाहण्यासारखा आहे. त्याचे पट्टे असतात, खणाच्या काठासारखे. एक पट्टा लोखंडाचा, त्यावर एक गारेचा, पुन्हा लोखंडाचा, पुन्हा गारेचा. जुन्या काळच्या समुद्राच्या तळाशी लोह आणि गार असे आळीपाळीने बसत गेले. या स्थितीत तो दगड भट्टीवाल्याच्या कामाचा नसतो, कारण त्यात गारच फार.

पुढचे काम पावसाने केले. कोकणातला पाऊस आपल्या बीडकरांनी मोजू नये, जीव दुखतो. लाखो वर्षे तो पाऊस डोंगरात मुरला, गार हळूहळू विरघळवून घेऊन गेला आणि लोखंड मागे राहिले. वरच्या बाजूस जांभ्याचे कवच धरले. तोच जांभा, ज्याचे चिरे कोकणात घराला लावतात. कवचाखाली मात्र गार निघून गेल्याने दगड पोकळ झाला, भुसभुशीत झाला, ठिकठिकाणी तर निव्वळ भुकटी झाली. गोव्याच्या खनिजात ढेकळे थोडी आणि भुकटी फार असते, याचे मूळ हे आहे. ही भुकटीची गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिच्यावर बरेच अवलंबून आहे.

पेडणे तालुक्यातील नायबागपासून सांगे तालुक्यातील साळगिणीपर्यंत, वायव्येकडून आग्नेयेकडे, सुमारे ९५ किलोमीटर लांबीचा हा लोहाचा पट्टा आहे. मध्ये डिचोली, शिरगाव, पाळे, कुडणे अशी गावे. पट्ट्याच्या वायव्य टोकाशी तेरेखोलची खाडी ओलांडली की महाराष्ट्र लागतो आणि रेडी गाव येते. दगडाला ना गोवा ठाऊक ना महाराष्ट्र.

आता शोधाची कथा. लोखंडाचा दगड ओळखणारी माणसे आपल्याकडे पूर्वीपासून होती. महाबळेश्वरच्या आणि सह्याद्रीच्या माथ्यावर धावड नावाचे लोक जांभ्यातील लोहाचा दगड वेचून, जंगलाचा कोळसा करून, भात्याने भट्टी फुंकून लोखंड काढीत. कुऱ्हाड, विळा, नांगराचा फाळ यांपुरते ते लोखंड भरपूर होते. एकोणिसाव्या शतकात विलायतेचे लोखंड स्वस्तात बंदरी उतरू लागले, जंगलाला सरकारी कायदे लागले आणि धावडांच्या भट्ट्या विझल्या. दगड तेथेच होता, ओळखणारी नजरही होती. फक्त परवडणे संपले. आमच्या मते या किनाऱ्याच्या खनिजाच्या इतिहासाचा पहिला अध्याय धावडांचा होय. शोधकांच्या यादीत त्यांचे नाव कोणी घालीत नाही.

दुसरा अध्याय बंदराचा. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला आणि त्यातून मुरगावचे बंदर व कॅसलरॉकला जाणारी रेल्वे उभी राहिली. १८८८ पर्यंत घाटावरची गाडी बंदराला भिडली. हे बंदर खनिजासाठी बांधलेले नव्हते. घाटावरचा कापूस व इतर माल मुरगावास येईल अशी आशा होती. ती पुरी झाली नाही. बंदर मात्र बसून राहिले, भाडेकरूची वाट पाहणाऱ्या घरासारखे.

विसाव्या शतकाच्या आरंभी भाडेकरू आला. १९०५ ते १९१० च्या सुमारास एका फ्रेंच कंपनीने डिचोलीच्या आसपास लोहखनिजाचा शोध घेतला. जर्मन मंडळींचीही नजर या डोंगरांवर होती. २० सप्टेंबर १९०६ रोजी पोर्तुगीज सरकारने वसाहतींतील खाणींसाठी हुकूमनामा काढला. त्याची तऱ्हा ऐकण्यासारखी आहे. ज्याला खनिज सापडले असेल त्याने त्याची सरकारदरबारी नोंद करावी. नोंद पटली की त्याला त्या तुकड्याची सवलत मिळे, आणि ती कायमची. मुदत नाही, नूतनीकरण नाही. जमिनीवर शेत कोणाचे, कुळागर कोणाचे, गावाचे दैवत कोठे, याचा त्या कागदाशी फारसा संबंध नव्हता. पुढच्या शंभर वर्षांचे बरेचसे तंटे या एका कागदात दडलेले होते, असे आम्हाला वाटते.

परंतु त्या वेळी या कागदाने कोणी श्रीमंत झाला नाही. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि परकी कंपन्या निघून गेल्या. डोंगर होते तसे राहिले. खनिज सापडले होते, बंदर होते, कायदा होता, गिऱ्हाईक नव्हते. असे एकदोन नव्हे, पुरी तीस-पस्तीस वर्षे चालले.

गिऱ्हाईक आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४७ साली नमुन्यादाखल सुमारे १०० टन लोहखनिज गोव्याबाहेर गेले. १०० टन म्हणजे आजच्या मोठ्या मालमोटारींच्या चार-सहा खेपा. पाठोपाठ जपानची मागणी सुरू झाली. युद्धात भाजून निघालेला जपान आपले पोलाद कारखाने पुन्हा उभारीत होता. त्याच्याजवळ स्वतःचे लोखंड नाही, मांचुरियाचे हातचे गेलेले. त्याने कारखाने समुद्रकाठी बांधले, म्हणजे जहाज थेट भट्टीच्या दारात लागावे. जपानी कारखानदारांनी गोव्याच्या खाणमालकांना यंत्रसामग्रीसाठी कर्ज दिले आणि फेड खनिजाने घेतली. १९६१ साली गोवा मुक्त झाला तोवर निर्यात वर्षाला ६० लाख टनांच्या वर गेली होती. चौदा वर्षांत १०० टनांवरून साठ लाख!

या मधल्या काळात दगड काही बदलला नव्हता. बदलले होते ते गिऱ्हाईक आणि वाहतुकीचा हिशेब. होसपेट-बळ्ळारीचे खनिज गोव्याहून कसदार. पण ते रेल्वेने शेकडो मैल आणावे लागे. गोव्याचे खनिज कसाने हलके असले तरी खाणीपासून थोड्या मैलांवर मांडवी किंवा झुआरी नदी. नदीकाठी ढीग करावा, पडावात किंवा बार्जेत भरावा, भरती-ओहोटी पाहून मुरगावास सोडावा. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी समुद्र खवळला तर बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून आत आत झुआरीत उतरून बंदर गाठीत. नदीच्या पाण्याला भाडे नसते. या फुकटच्या पाण्याने हलका दगड भारी दगडाच्या बरोबरीने बाजारात उभा केला.

आणखी एक गोष्ट स्वस्त होती, ती म्हणजे माणूस.

खाणी बंद पडल्या होत्या त्या काळात आम्ही संघटनेच्या कामाने डिचोलीच्या बाजूला गेलो होतो. तेथे एका गावात सत्तरी ओलांडलेल्या एका बाईची गाठ पडली. बारा-तेरा वर्षांची असताना ती आईबरोबर खाणीवर जाऊ लागली. पुरुष पहारीने दगड पाडीत. बायका ढेकळे निवडून टोपलीत भरीत, डोक्यावर घेऊन उतार उतरत आणि नदीकाठच्या ढिगावर ओतीत. भुकटी त्या वेळी कोणी घेत नसे. भट्टीत तिने वारा कोंडतो, म्हणून ती बाजूला टाकीत. मजुरी टोपलीवर. टोपली मुकादमाने भरलेली म्हटली तर भरली, नाहीतर नाही. तिने आम्हाला आपल्या टाळूवरची जागा दाखविली. तेथे केस पुन्हा आलेच नव्हते. हजेरीच्या वहीत तिचे नाव होते का, असे आम्ही विचारले. ती हसली. वहीत मुकादमाचे नाव असे आणि त्यापुढे माणसांचा आकडा. आईची एक, तिची अर्धी.

ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या तालुक्यातील माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. नवरा-बायकोची मिळून एक 'कोयता' धरतात, तशी तेथे टोपली.

त्या काळी तेथे संघटना असणे शक्यच नव्हते. पोर्तुगालात सालाझारची राजवट होती आणि १९३३ पासून त्या राजवटीत संप हा गुन्हा होता. १९५५ मध्ये भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. रेल्वे थांबली, व्यापार आटला. नाकेबंदीने राजवट गुडघे टेकील असा अंदाज होता, पण तिला खनिजाने तारले. निर्यातीचा बहुतांश पैसा खनिजाचा होऊन बसला. गोवा मुक्तिसंग्रामाच्या आपल्या कथांत सत्याग्रही आहेत, तुरुंग आहेत, आग्वादचा किल्ला आहे. या टोपलीवाल्या बायका त्यांत येत नाहीत. त्यांच्या डोक्यावरून जे उतरले, त्याच्या जोरावर एक परकी सत्ता आणखी सहा वर्षे उभी राहिली, ही गोष्ट कडू आहे. दोष त्या बायकांचा नव्हे, हे वेगळे सांगायला नको.

यंत्रे आली तशी टोपली गेली. १९५९ साली मुरगावच्या धक्क्यावर जहाजात खनिज चढविण्याची यांत्रिक सोय झाली. खाणींत मोठमोठी फावडी आणि डंपर आले. मुक्तीनंतर १९५२ चा खाण कायदा लागू झाला, हजेरीच्या वह्या निघाल्या, संघटना झाल्या, लोहखाण कामगारांच्या कल्याणासाठी उपकर बसला. हे सारे चांगलेच झाले. पण हिशेब पुरा सांगायचा तर असा, की ज्या वर्षांत कायदा खाणीवर पोहोचला, त्याच वर्षांत ज्यांच्यासाठी तो सर्वांत जास्त हवा होता त्या बायका खाणीवरून घरी गेल्या. डंपर चालवायला पुरुष लागतो असे मालकाचे मत. आम्हा संघटनावाल्यांनीही त्या वेळी त्याविरुद्ध फारसे तोंड उघडले नाही, असे जुने सहकारी सांगतात.

याच सुमारास त्या टाकलेल्या भुकटीचे भाग्य उघडले. भुकटी भाजून तिचे गट्टे करण्याची रीत पोलाद कारखान्यांत रूढ झाली आणि ढेकळांइतकीच भुकटी चालू लागली. भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात गोव्याचा साठा एका पिढीत कितीतरी पटींनी वाढलेला दिसतो. नवा डोंगर काही सापडला नव्हता. जी भुकटी कालपर्यंत कचरा होती, ती आज मोजणीत धरली गेली, इतकेच.

रेडीची गोष्ट लहान आहे. तोच पट्टा, तेच पट्टेदार दगड, तीच जांभ्याची टोपी. पण जागा अगदी समुद्राच्या कानाशी, यशवंतगडाच्या सावलीत. स्वातंत्र्यानंतर तेथे खाण चालू झाली. गोव्यासारख्या दोन नद्या आणि मुरगावसारखा आडोसा रेडीला नाही. जहाज उघड्या समुद्रात नांगर टाकून उभे राही आणि लहान नावांनी खनिज त्याच्यापर्यंत न्यावे लागे. पावसाळ्याचे चार महिने तेही बंद. दगड सारखा असूनही रेडी लहानच राहिली, याचे उत्तर भूगर्भात नाही, भरती-ओहोटीत आहे. रेडीचे नाव आज महाराष्ट्रात माहीत आहे ते द्विभुज गणपतीमुळे. ही मूर्ती १९७६ साली खाणीच्या परिसरातच निघाली. खाणीच्या मालमोटारीवर काम करणाऱ्या चालकाला दृष्टांत झाला अशी कथा सांगतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठेवावा. आम्हाला त्या कथेत एवढेच मोलाचे वाटते की, त्या एका शोधाच्या बाबतीत तरी शोधकाचा मान एका कामगाराला मिळाला.

आता अलीकडचा काळ. १९८७ साली संसदेने कायदा करून पोर्तुगीजांच्या त्या कायमच्या सवलती रद्द केल्या आणि त्यांना मुदतीचे पट्टे ठरविले. तेही मागील तारखेपासून, म्हणजे २० डिसेंबर १९६१ पासून. खाणमालक न्यायालयात गेले. वाद वर्षानुवर्षे चालला आणि खाणीही चालल्या. पुढे २००० नंतर चीनचे गिऱ्हाईक आले. चीनला पोलादाची भूक अशी की, जपान ज्याकडे ढुंकून पाहत नसे असा हलका मालही तो उचलू लागला. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी टाकून दिलेले ढीग पुन्हा उकरले गेले. त्या म्हातारीने पायाने बाजूला लोटलेली भुकटी जहाजात चढली. २०१०-११ मध्ये गोव्याच्या बंदरांतून वर्षाला ५ कोटी टनांच्या आसपास खनिज गेले. खाणी पाण्याच्या पातळीच्या खाली उतरल्या. पंप लावून खड्डे कोरडे ठेवायचे म्हणजे भोवतालच्या विहिरी आटणार, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. रस्त्यांवर मालमोटारींची रांग, झाडांवर तांबडी धूळ, भातशेतीत गाळ. सांगे आणि केपे तालुक्यांतील गावकरी रस्त्यावर बसले.

नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्र सरकारने निवृत्त न्यायमूर्ती एम. बी. शहा यांचा आयोग नेमला. सप्टेंबर २०१२ मध्ये त्याचा गोव्याविषयीचा अहवाल संसदेपुढे आला. बेकायदा उत्खननाने झालेले नुकसान त्याने सुमारे ३५,००० कोटी रुपये धरले. आकड्यावर वाद झाला, तो होणारच. पण राज्य सरकारने खाणी थांबविल्या आणि ५ ऑक्टोबर २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'गोवा फाउंडेशन'च्या अर्जावर बंदी घातली. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, हे पट्टे २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपलेले आहेत. म्हणजे त्यानंतर पाच वर्षे जे निघाले ते पट्ट्यावाचून निघाले. वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली गेली आणि विक्रीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधीत टाकावी असे ठरले.

या निकालातील एक कलम वर्तमानपत्रांनी कोपऱ्यात छापले, म्हणून आम्ही ते येथे मुद्दाम सांगतो. बंदीच्या काळात ज्या कामगारांना पगार मिळाला नाही, त्यांना मूळ वेतन व महागाई भत्त्याचा निम्मा हिस्सा मालकांनी द्यावा, असे न्यायालयाने म्हटले. ही मोठी गोष्ट होती. दगड परवडेनासा झाला म्हणजे त्याची झळ कोणी सोसायची, या प्रश्नाला या किनाऱ्याच्या इतिहासात प्रथमच कोणीतरी उत्तर दिले, तेही निम्मेच. परंतु ते उत्तर वहीत नाव असणाऱ्यांसाठी होते. कंत्राटदाराकडचा मजूर, कर्ज काढून मालमोटार घेतलेला गावचा पोरगा, बार्जीवरचा खलाशी, वाटेवर चहाची टपरी टाकलेली विधवा, यांचा हिशेब कोणत्या वहीत पाहायचा? आम्ही गेलो तेव्हा डिचोलीच्या वाटेवर मालमोटारी उभ्या होत्या. टायर बसलेले, टपावर गवत उगवलेले. बँकेचा हप्ता मात्र उभा राहत नसतो. तेथल्या एका तरुण चालकाने आम्हाला विचारले, "दादा, खनिज संपले का?" आम्ही म्हणालो, "नाही." तो म्हणाला, "मग बंद कसे?" पहारीने दगड पाडणाऱ्याच्या नातवाला हे ठाऊक नव्हते, की खाण दगड संपल्याने क्वचितच बंद पडते.

राज्य सरकारने जुन्याच मालकांचे पट्टे पुन्हा नूतन केले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ८८ पट्टे रद्द केले आणि मार्चच्या मध्यावर खाणी पुन्हा थांबल्या. त्यानंतर लिलावाची रीत आली. डिसेंबर २०२२ मध्ये पहिले लिलाव झाले आणि २०२४ साली डिचोलीच्या पट्ट्यात उत्खनन पुन्हा सुरू झाले. शंभरएक वर्षांपूर्वी फ्रेंचांनी शोध घेतला तोच हा टापू.

लिलावात निघालेल्या त्या पट्ट्याच्या नकाशात लामगाव, मुळगाव आणि शिरगाव या गावांची घरे, शेते आणि देवळेही आली. शिरगाव म्हणजे लईराईच्या जत्रेचे गाव. वैशाखात तेथे हजारो धोंड निखाऱ्यांवरून चालतात. आमची घरे आणि देवस्थाने नकाशातून वगळा, अशी गावकऱ्यांची मागणी पुढे आली. १९०६ च्या हुकूमनाम्यात गावाचा रकाना नव्हता. नव्या लिलावाच्या कागदात तो असावा म्हणून लोक भांडू लागले.

आणि पाण्याचीही एक गोष्ट आहे. खाणी बंद होत्या त्या वर्षांत त्या खोल खड्ड्यांत पावसाचे पाणी साठले. तांबड्या भिंतींच्या मधोमध हिरवेगार तळे, असे ते आम्ही पाहिले आहे. काही ठिकाणी ते पाणी शेतीला आणि पाणीपुरवठ्याला घेऊ लागले. खनिज पुन्हा काढायचे तर आधी ते पाणी उपसून टाकावे लागते. आम्ही उभे होतो तेथे काठावर एक पंप चालू होता आणि त्याचा पाइप खालच्या भाताच्या वाफ्यात सोडलेला होता. वाफ्यात ती म्हातारी वाकून तण काढीत होती.